लॉगफ्रेमधारी

सामाजिक संस्थांचे व्यवस्थापन शिकणारा पदव्युत्तर विद्यार्थी मुंबईत मुख्यतः देवनारला आढळतो. १९३६ साली क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने सुरू झालेली समाजकार्याची शाळा पुढे तिथे गेली. तीच आजची 'टिस', म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. अंगात खादीचा कुर्ता, खांद्याला झोळी आणि झोळीत महागडा लॅपटॉप ही त्याची ओळख. पहिल्या सत्रात तो समाज बदलायला निघतो. दुसऱ्यात समाजाची बेसलाइन काढतो.

त्याचा खरा जीव लॉगफ्रेममध्ये. १९६९च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या मदतयंत्रणेसाठी तयार झालेला हा चार ओळी, चार रकान्यांचा तक्ता. उद्दिष्टे, निर्देशक, पुरावे आणि शेवटी गृहीतके. या शेवटच्या रकान्यात बरेच काही मावते: पाऊस वेळेवर पडेल, सरपंच बदलणार नाही, देणगीचा दुसरा हप्ता येईल. प्रकल्प फसला तर तो इथेच फसतो, त्यामुळे आधीचे सगळे रकाने निर्दोष राहतात.

फिल्डवर्कसाठी तो गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत जातो. रांगोळीने वस्तीचा नकाशा काढून घेणे ही लोकसहभागाची मान्यताप्राप्त पद्धत आहे. वस्तीतल्या मावशी हे काम त्याच्यापेक्षा जास्त वर्षे करत आल्या आहेत. "नळ इथं काढते, पाणी कुठं काढू?" असे त्या विचारतात. तो हे वाक्य वहीत उतरवतो आणि रात्री त्याचे 'सेवा उपलब्धतेतील तफावत' करून टाकतो. "मागच्या वर्षीच्या ताईनं पण हेच विचारलं होतं," हे मावशींचे पुढचे वाक्य मात्र अहवालात येत नाही.

पैशाचा पेपर त्याला आवडतो, कारण त्यात आशा असते. २०१३च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी काढायला लावले, आणि भांडवलशाहीवर निबंध लिहिणाऱ्यांना त्याच कंपन्यांच्या सीएसआर विभागात नोकऱ्या मिळू लागल्या. परदेशी देणगीचा कायदा त्यामानाने रुक्ष. २०२०च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली, म्हणजे अशा देणगीवर चालणाऱ्या संस्थेत त्याचा पगार बहुधा याच वीस टक्क्यांतून निघणार. हे कळल्यावर तो थोडा गंभीर होतो.

सर्वांत कंटाळवाणा तास सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या १९५०च्या कायद्याचा. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा, एवढी साधी गोष्ट. ती न केल्याने विश्वस्तांची नोंद असलेल्या परिशिष्टावर दिवंगत विश्वस्त नांदत राहतात, आणि मग वाद लागला की हयात विश्वस्तांना वर्षानुवर्षे तारखा पडतात. ज्याला बदल अर्ज नीट भरता येतो, तो कुठल्याही संस्थेला दहा लॉगफ्रेमवाल्यांपेक्षा अधिक उपयोगी. पण हा तास दुपारच्या जेवणानंतर असतो, आणि लॉगफ्रेमधारी तेव्हा टपरीवर चहा पीत सुशासनावर बोलत असतो.