मोटारीचा हक्काचा निवास
डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने मोटारीस अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब, म्हणजे पुण्याच्या सदाशिव पेठेतील कित्येक संसार ज्या खोलीत निमूट नांदले तिच्याएवढी, जागा नव्या इमारतीच्या आवारातच बहाल केली आहे. परंतु नकाशावरील त्या मंजूर चौकोनात जुने कपाट, गतवर्षीचे गणपतीचे मखर आणि चिरंजीवांची सेवानिवृत्त सायकल यथासांग विराजमान झाल्यावर मोटार बिचारी रस्त्यावर, शेजाऱ्याच्या ‘फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’ या फर्मानाखाली, रात्र कंठते. रस्त्यावरील मोटारींच्या मुक्कामास शुल्क आकारण्याचे धोरण पुणे महापालिकेने 2018 मध्ये मंजूर केले खरे. पण पुढे कित्येक वर्षे ते धोरणच दप्तरात विनाशुल्क मुक्काम करून राहिले.