बिनसोंडेचा ग्रोगू

भाच्याला लोकरीचा ग्रोगू करून देण्याचं मी चारचौघांत कबूल करून बसलो. ग्रोगू म्हणजे २०१९ साली ‘द मँडलोरियन’ मालिकेतून आलेलं ते हिरवं, लांब कानांचं बाळ. दुकानात त्याच्या बाहुल्या ढिगाने मिळतात, पण विकत आणून दिला तर मामा कसला!

आमच्यासारखी संगणकापुढे बसणारी माणसं हाताला काम देण्याआधी वाचतात. मी नीडल फेल्टिंगबद्दल, म्हणजे लोकर सुईने टोचून तिला आकार देण्याबद्दल, सगळं वाचलं. मेंढीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. फेल्टिंगच्या सुईची दांडी तिकोनी, आणि तिच्या कडांवर टोकाकडे तोंड केलेल्या खाचा. आत जाताना त्या खाचा लोकरीचे तंतू ओढून नेतात, बाहेर येताना तिथेच सोडतात. खवले एकमेकांत अडकत जातात आणि पुंजका घट्ट होतो. मुळात या सुया कारखान्यातल्या, यंत्राला हजारोंनी जोडलेल्या. १९८०च्या दशकात डेव्हिड आणि एलिनॉर स्टॅनवूड या अमेरिकन दांपत्याने त्यातली एक सुई हातात धरून लोकरीला आकार द्यायला सुरुवात केली. ३६ नंबरची सुई जाड, ४० नंबरची बारीक, हेही मला पाठ होतं. जेवताना हे सगळं मी बायकोला ऐकवलं. ती म्हणाली, “आमटी वाढ.”

स्पंजच्या ठोकळ्यावर लोकर ठेवून मी सुई खुपसायला लागलो. हा छंद मन शांत करतो म्हणतात. माझा आवेश पाहून बायकोने शेजारच्यांशी चाललेलं पार्किंगचं भांडण त्याच आठवड्यात मिटवून टाकलं. खाचा टोकाकडे वळलेल्या असल्यामुळे सुई सहज बाहेर येते, असं पुस्तकात होतं. माझ्या बोटाने ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

खरी मेख पुढेच. जितकं टोचावं तितकं आकाराने कमी होतं. संत्र्याएवढं घेतलेलं डोकं संध्याकाळपर्यंत लिंबाएवढं झालं. वरून लोकर चढवली तर गळ्यापाशी गलगंड आला. तो दाबायला सुई तिरकी घातली, ती मोडली, आणि टोक ग्रोगूच्या पोटात राहिलं. लहान मुलाची भेट! मग फ्रिजवरचं महाबळेश्वरचं मॅग्नेट काढून मी त्याच्या पोटावरून फिरवत बसलो. आई दारातून बघत होती. “दृष्ट काढतोयस का रे?”

तोवर महागाची मेरिनो लोकर संपत आली होती. आतल्या भरावाला जाडीभरडी लोकर चालते, उलट लवकर बसते, हेही वाचलेलंच. मग आपल्या दख्खनी मेंढीने कुणाचं घोडं मारलंय? जिच्या लोकरीची घोंगडी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, तिला एक बाहुली जड नाही. गावाहून काळी लोकर मागवली, तिचं धड केलं, वर हिरवा पातळ थर दिला. पण सुई आरपार गेली की आतले तंतू पलीकडून बाहेर डोकावतात. रात्री उशिरा दिव्याखाली धरून पाहिलं, तर ग्रोगूच्या हनुवटीवर काळे खुंट उगवले होते. पन्नास वर्षांचा असूनही तो तान्हं बाळ असतो, असं मालिकेत म्हटलंय. माझा मात्र दाढीसकट पन्नाशीचा दिसत होता. कात्रीने खुंट कापले, तर टोचल्यावर नवे आले.

कानांबद्दल थोडक्यात सांगतो: दोन झाले. एक वर, एक खाली. हिरवी लोकर संपल्यामुळे ते सुपासारखे पसरट राहिले. पोट मात्र मॅग्नेटच्या तपासणीत उसवून पुन्हा भरल्याने छान सुटलं होतं.

वाढदिवसाच्या सकाळी टेबलावर ग्रोगू नव्हता. शोधत गेलो तर तो देवघरात, चांदीच्या अन्नपूर्णेशेजारी, कपाळाला कुंकू लावून बसलेला.

“सोंड तेवढी राहिली बघ,” आई म्हणाली. “पण ध्यान गोड आहे हो. शाडूचा नाही, लोकरीचा. विसर्जनाचीही भानगड नाही.”

मी खुलासा करणार इतक्यात भाचा आला. आजीने त्याला हाताला धरून थेट देवघरात नेलं. त्याने मान तिरकी करून मूर्तीकडे पाहिलं, काहीतरी विचार केला, पण वाढदिवसाच्या दिवशी वाद नको म्हणून असेल, मुकाट्याने हात जोडले. प्रसादाचा पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, “मामा, माझा ग्रोगू कुठाय?”