गिअरबॉक्सचे कानसेन

सोसायटीत नवी गाडी आली की पेढा आधी वॉचमनला, मग चेअरमनना आणि मग काकांना. पहिले दोघे पेढा खातात आणि रंग छान आहे म्हणतात. काका पेढा डाव्या गालात सरकवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, “जरा रिव्हर्स घे बघू.”

गाडी मागे येते. ऊंऽऽ असा बारीक, चढता सूर पार्किंगच्या छताला लागतो. मालकाचा चेहरा उतरतो. बॉनेटवरचं नारळाचं पाणी अजून वाळलेलं नाही आणि गाडी रडायला लागली! काका मात्र प्रसन्न. पुढे नेणाऱ्या गिअरांचे दाते तिरके कापलेले असतात, एक दाता सुटायच्या आत दुसरा अलगद पकडतो, म्हणून ते गुपचूप फिरतात. रिव्हर्सचे दाते बहुतेक गाड्यांत सरळ असतात, ते एकमेकांवर आपटत जातात. त्याचाच हा सूर. “हा आवाज जन्मजात आहे. याला काही करू नकोस,” असं सांगून काका पेढा गिळतात.

हे काका कोथरूडला आहेत, ठाण्याला आहेत, नाशिकला तर एका गल्लीत दोन असल्यामुळे त्यांचं आपसात पटत नाही. निवृत्ती बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून झालेली असावी, गिअरबॉक्सशी नोकरीचा काडीचा संबंध नसावा, एवढीच अट. मैफलीत तिसऱ्या रांगेत बसणारे काही लोक असतात. स्वतःला सा लागत नाही, पण गवयाचा गंधार कुठे घसरला ते बरोबर कळतं. तानसेन नव्हेत, कानसेन. काका हे गिअरबॉक्सचे कानसेन.

त्यांची थट्टा करणं अवघड जातं, कारण ते बहुतेक वेळा बरोबर असतात.

दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांची गाडी सिग्नलला उभी असताना सर्रर्र असा आवाज करायची. इंजिन, पट्टा, पंखा असं सगळं दाखवून झालं होतं. काकांनी त्यांना सकाळी पार्किंगमध्ये गाठलं, गाडी न्यूट्रलला सुरू करायला लावली आणि स्वतः बॉनेटला कान लावून उभे राहिले.

“क्लचवरचा पाय काढा.” सर्रर्र.

“दाबा.” आवाज गेला.

“सोडा.” आला.

“दाबा.” गेला.

“डॉक्टर, दात ठीक आहेत. हिरडी गेलीय.”

हिरडी म्हणजे बॉक्समधलं बेअरिंग. क्लच सोडलेला असताना इंजिन गिअरबॉक्समधला पहिला दांडा फिरवत असतं. क्लच दाबला की तो सुटतो आणि थांबतो. म्हणून पाय काढल्यावर आवाज येत असेल तर दुखणं बॉक्समध्ये. उलट, क्लच दाबल्यावरच घरघर सुरू होत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. यंत्र नको, स्कॅनर नको, एक पाय आणि एक कान पुरतो. वर काकांनी सल्लाही दिला: या कामात खरा पैसा जातो तो बॉक्स उतरवायच्या मजुरीत, उतरतोच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बघून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी. डॉक्टरांना हे लगेच पटलं. भूल एकदाच द्यावी हे तेही पेशंटला सांगत असतात.

क्लच घसरतोय का, हे बघायची काकांची परीक्षा आणखी सोपी. हँडब्रेक ओढायचा, गाडी टॉपला टाकायची आणि क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन धापकन बंद पडलं पाहिजे. ते तसंच निवांत फिरत राहिलं, तर प्लेट धरत नाही. गाडी बंद पडल्यावर सगळ्यांनी आनंद मानावा असा हा एकच प्रसंग. काका तेव्हा टाळी मागतात. ही परीक्षा रोज घ्यायची नसते हेही ते सांगतात, कारण परीक्षेतही प्लेट झिजतेच.

कानाच्या खालोखाल नाक. सकाळी फिरून आल्यावर काका पार्किंगच्या फरशीवरचे थेंब तपासतात. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, पुढे चालू लागतात. काळं असेल तर इंजिन ऑइल. लालसर असेल तर ऑटोमॅटिक गाडीचं, कारण त्या ऑइलला मुळात लाल रंग घातलेला असतो. तेच तपकिरी होऊन करपल्यासारखा वास मारायला लागलं तर आतल्या प्लेटा भाजतायत. आणि दाट, चिकट, नाकात जाणारा थेंब असेल तर काका तो दोन बोटांत चोळतात, हुंगतात आणि त्या गाडीच्या मालकाला इंटरकॉम लावतात. गिअर ऑइलमध्ये गंधकाची रसायनं असतात. काकू सांगतात, आमटीच्या फोडणीत हिंग पडला की यांची मान वळते. हिंगाच्या वासातही गंधकच असतो, तेव्हा काकांची फार चूक म्हणता येत नाही.

हा थेंब एवढ्या गांभीर्याने घ्यायचं कारण आहे. इंजिन ऑइलचा दाब घसरला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल सील फुटून अर्धं गळून गेलं तरी बहुतेक गाड्यांत कुठलाही दिवा लागत नाही. बघायला दांडीही नसते. गाडी वर घेऊन बॉक्सच्या कडेचा नट उघडावा लागतो. त्यामुळे इंजिन ऑइल वर्षाला बदलणारी माणसं गिअर ऑइल नावाची वस्तू असते हेच विसरतात. ते कधी बदलायचं हे गाडीगाडीवर असतं, पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि पुस्तक डिकीत पान न फाडलेल्या अवस्थेत असतं.

पुस्तकाचा अपमान सी विंगमधल्या एका तरुण इंजिनिअरने वेगळ्या पद्धतीने केला. पुस्तकात जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल लिहिलं होतं. त्याने जीएल-५ मागवलं. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा असतो, हे त्याचं इंजिनिअरिंग. आता गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवायला आत पितळेची कडी असतात, सिंक्रो. ही सोय १९२८ साली कॅडिलॅकने प्रथम आणली. त्याआधी दोनदा क्लच मारून, मध्ये ॲक्सिलरेटर देऊन वेग ड्रायव्हरलाच जुळवावा लागे. जीएल-५ मध्ये गंधकाची ती रसायनं बरीच जास्त असतात, आणि त्यांतली काही पितळेला खातात. काकांनी त्याला स्वयंपाकघरात नेऊन चिंच लावलेला पितळेचा तांब्या दाखवला. “चकचकीत झालाय ना? वरचा थर गेला म्हणून झालाय. तांब्याला चालतं.” पोरगा हसला. पुढे त्याचा दुसरा गिअर टाकताना खर्रर्र वाजायला लागला, तेव्हा तो इंटरकॉमवर न बोलता स्वतः खाली आला.

ऑटोमॅटिक गाड्यांनी मात्र काकांचा रियाज थोडा बिघडवला. २०१४ साली मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणला आणि दोनचार वर्षांत सोसायटीतल्या अर्ध्या डाव्या पायांना सुट्टी मिळाली. चौथ्या मजल्यावरची आयटीतली मुलगी बेसमेंटच्या चढावर गाडी थांबवायची आणि ब्रेक न लावता, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून ती तिथेच तोलून धरायची. काकांना पहिल्या मजल्याच्या गॅलरीत वास आला.

“अगं, क्लच जाळतेस.”

“काका, हिला क्लचच नाहीये.”

“पेडल नाहीये. मीटर दिसत नाही म्हणून बिल यायचं थांबतं का?”

काकांचं खरं होतं. एएमटी म्हणजे तोच मॅन्युअल बॉक्स, तीच क्लच प्लेट. फक्त दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यंत्राचे. चढावर ॲक्सिलरेटरवर तोलली की ते यंत्र बिचारं हाफ क्लचवर उभं राहतं. चढावर ब्रेक धरायचा, एवढंच. गिअर बदलताना मान पुढे-मागे होते तो मात्र बिघाड नव्हे, त्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडला की धक्का कमी होतो. हे कळल्यापासून ती मुलगी काकांना ‘सर’ म्हणते. काकांना ते आवडलेलं आहे.

सीव्हीटीबद्दल काका फारसं बोलत नाहीत. दोन पुल्या, त्यांच्यामध्ये लोखंडी पट्टा, पुल्या रुंद-अरुंद होतात आणि गाडी पळते. “ही पिठाची गिरणी झाली,” एवढंच ते म्हणतात. ऐकायला गिअरच नाहीत, हे खरं दुःख.

काकांची स्वतःची गाडी चौदा वर्षांची, मॅन्युअल, एक लाख बारा हजार किलोमीटर झालेली. क्लचवर पाय टेकवून ते कधी चालवत नाहीत. डावा पाय कसा बाजूला, फळीवर ठेवलेला असतो. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स नाही. गिअर ऑइल वेळेवर, तेही पुस्तकातलंच. डावा हात मात्र सदैव गिअरच्या मुठीवर. त्याला ते नाडीपरीक्षा म्हणतात. गाडी शिकले ते पद्मिनीवर; तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असे, गिअर टाकून हात परत चाकावर यायचा. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबली, त्या दिवशी जेवताना काकांनी हवेतच पहिला-दुसरा टाकून दाखवला होता आणि ताकाचा पेला आडवा केला होता. पद्मिनीनंतर काकांकडे मारुती ८०० आली, गिअर दोन सीटांच्या मध्ये उतरला, आणि हाताला बसायला जागा मिळाली. सध्याच्या गाडीच्या मुठीवरचे आकडे पार पुसून गेलेत. मुठीतून सगळं कळतं, असं काकांचं म्हणणं.

गेल्या मार्गशीर्षात काका-काकू ताम्हिणीतून कोकणात उतरत होते. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा नियम पाळत काका तिसऱ्यात होते. डिझेल वाचवायला न्यूट्रलला टाकणाऱ्या ट्रकवाल्यांवर त्यांचं व्याख्यान चालू होतं. एका वळणावर त्यांनी पाठ खाजवायला हात मुठीवरून काढला. टक्. दांडी आपोआप मध्ये आली, इंजिनाचा आवाज पडला आणि गाडी उताराला मोकळी सुटली.

“बंद पडली का हो?” काकूंनी विचारलं.

स्वतः न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे काका काही बोलले नाहीत. ब्रेक, क्लच, दुसरा गिअर. उरलेला घाट दुसऱ्यातच उतरला, व्याख्यान बंद ठेवून.

परत आल्यावर त्यांनी निदान केलं: माउंटिंग. इंजिनाचं रबर बसलं की ॲक्सिलरेटर सोडताना सगळं धूड हलतं आणि गिअर सुटू शकतो. हे कारण खरं असतं. स्वस्तही असतं. माउंटिंग बदललं, आणि चांदणी चौकाच्या उतारावर तिसरा पुन्हा सुटला. मग काकांनी तीन आठवडे डावा हात मुठीवर दाबून धरून गाडी चालवली. शेवटी काकूंनीच मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्रीने बॉक्स उतरवला, गोणपाटावर उघडला, एकेक भाग डिझेलमध्ये धुऊन ओळीने मांडला. दाते शाबूत. बेअरिंग शाबूत. सिंक्रोची कडी एवढ्या वर्षांनीही बरी. मिस्त्रीने ती दाखवून “ऑइल मेंटेन केलंय काकांनी” असं म्हटलं, तेव्हा काका स्टुलावर जरा सरळ झाले. मग त्याने तिसऱ्या-चौथ्याचा फोर्क उचलला. गिअर टाकताना आतली कडी सरकवणारा हा दुबेळका. त्याची दोन्ही टोकं सारखी असायला हवीत. एक टोक नखाएवढं झिजून चाकूसारखं धारदार झालं होतं.

“गाडी चालवताना हात असतो का दांडीवर?” मिस्त्रीने सहज विचारलं. गिअर पडल्यावर हा फोर्क मोकळा राहायला पाहिजे. वरून हाताचा भार आला की तो फिरत्या कडीला घासत राहतो, असं तो पुढे सांगायला लागला. शहरात माणूस जास्त वेळ तिसऱ्यातच असतो, म्हणून तिसऱ्याचा आधी जातो.

काका गोणपाटावरचं एक बेअरिंग बोटाने फिरवून ऐकत होते.

“सतत,” काकूंनी सांगितलं.

तीन दिवसांनी गाडी मिळाली. काकांनी जुना फोर्क मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मागच्या सीटवर ठेवला. बॉक्समधून काही आवाज येत नव्हता. काका दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, ड्रायव्हिंग स्कूलच्या मुलासारखे ताठ बसले होते. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. दुसऱ्या सिग्नलला डावा हात चाकावरून घसरत घसरत खाली आला आणि मुठीवर विसावला. काकूंनी मागे वळून वर्तमानपत्राची पुडी उचलली आणि काही न बोलता त्या हातात दिली. सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले, आणि पहिला टाकायला काकांचा हात मोकळा नव्हता.