पहिल्यांदाच कागद कातरायला निघालात?

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी माणसाला 'श्रेड डे' हा सण कुणी समजावून सांगत नाही. 15 एप्रिलची टॅक्सची घाई सरली, की एखाद्या शनिवारी सकाळी लायब्ररीच्या नाहीतर चर्चच्या पार्किंगमध्ये भलामोठा ट्रक येऊन उभा राहतो. आपण खोकी न्यायची, तो ती आपल्यादेखत कातरणार. रद्दीवालाच म्हणा, फक्त काटा नाही आणि पैसे आपणच द्यायचे: खोक्यामागे थोडे डॉलर, किंवा फूड पँट्रीसाठी राजम्याचे डबे. "किलोला काय भाव?" असं विचारू नका. मी विचारलं होतं.

घरी छोटं यंत्र आहे म्हणता? ते नुसत्या उभ्या पट्ट्या कापत असेल, तर तेहरान आठवा. 1979 साली अमेरिकन दूतावासात कातरलेल्या पट्ट्या इराण्यांनी चिकाटीने जुळवल्या आणि त्यांची चक्क पुस्तकं छापली.

आदल्या रात्री खोकी भरा. नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर दिसेल तो कागद, जुनी बँक स्टेटमेंट्स आणि न मागता आलेली क्रेडिट कार्डाची आमंत्रणं आधी टाका. आपल्या नावावर परस्पर कर्ज निघतं ते यांच्याच जिवावर. टॅक्सचे कागद साधारण तीन वर्षं ठेवतात, म्हणजे 2009 चे जाऊ द्या. इथे नवरा-बायकोचं भांडण होतं, त्याला वेगळा अर्धा तास धरा. इमिग्रेशनच्या आय-797 नोटिशीला मात्र हात लावायचा नाही. ग्रीन कार्ड आलं तरी नाही, नागरिक झालात तरी नाही.

स्टेपलच्या पिना काढत बसू नका, ट्रकच्या पात्यांना त्या किरकोळ. (माझी पिनांची डबी अजून आहे.) रिंग बाइंडर तेवढे घरी ठेवा.

रांगेत गाडीतून उतरायचं नसतं. डिकी उघडा, स्वयंसेवक खोकं उचलतील. रिकामं खोकं परत मागायला लाजू नका. काही ट्रकांच्या कुशीला छोटा पडदा असतो, त्यात आपल्या कागदांचा भुगा होताना दिसतो. त्या भुग्याचे पुढे बहुधा टिश्यू होतात, म्हणजे आपलंच स्टेटमेंट नाक पुसायला घरी परतायचं.

हे सगळं पुण्याला फोनवर सांगू नका. आईने पैशांचं विचारलं नाही, चोरांचंही नाही. एवढंच म्हणाली, "त्यातले पाठकोरे काढून घेतलेस ना रे?"