फायलीतले प्राणी

अण्णा कुत्र्यांना घाबरतात. मांजर अंगाजवळ आलं तरी पाय वर घेऊन बसतात. पण पुण्या-ठाण्याहून एश्बॉर्नला येणारं कुठलंही मराठी कुटुंब सोबत प्राणी आणणार असेल, तर विमानाच्या तिकिटाआधी फोन अण्णांना जातो.

फ्रँकफर्टला खेटलेलं हे गाव त्यांना मानवलंय. बँकांच्या काचेच्या इमारती, शेअर बाजारवाल्या डॉइचे बोर्सेचं मुख्यालय आणि निर्यातीवर लक्ष ठेवणारं ‘बाफा’ हे सरकारी कार्यालय, सगळं इथंच. "ज्या गावातून शस्त्रं बाहेर विकायचे परवाने सुटतात, तिथं तुमचा टॉमी कागदाशिवाय येईल?" असं ते विचारतात, आणि समोरचा खजील होतो.

अण्णा कुत्र्याचं नाव विचारत नाहीत, चिपचा पंधरा आकडी नंबर विचारतात. कोथरूडच्या एका वहिनींशी झालेला त्यांचा संवाद आमच्याकडे अजून सांगितला जातो.

"लस कधी टोचली?"

"मार्चमध्ये."

"आणि चिप?"

"एप्रिलमध्ये."

"मग लस टोचलीच नाही असं समजा."

"अहो अण्णा, माझ्यासमोर टोचली! केवढा ओरडला शेरू!"

"ओरडला असेल हो. पण ओरडला तो शेरूच, याला पुरावा काय?"

यावर वहिनींकडे उत्तर नव्हतं, कारण युरोपचा नियम अण्णांच्या बाजूने आहे. आधी चिप, मग रेबीजची लस. एकाच दिवशी चालतं, पण क्रम उलटा झाला की लस धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, प्रतिपिंडांचा आकडा ०.५ किंवा वर यायला हवा. तेवढ्यावर भागत नाही. रेबीजच्या बाबतीत भारत त्यांच्या यादीबाहेरचा देश, म्हणून रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. शेरूसाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून झालं. नवरा नोकरीवर रुजू झाला, मुलं इथल्या शाळेत गेली, आणि वहिनी शेरूसोबत कोथरूडला थांबल्या. सासर सोडवत नाही अशी बातमी माहेरी पसरली ती वेगळीच.

शेवटचा आरोग्य दाखला हा अण्णांचा खरा जीव. तो सरकारी पशुवैद्याच्या सही-शिक्क्याचा, जर्मन आणि इंग्रजी दोन्ही भाषांत, आणि सहीचा रंग छपाईच्या रंगाहून वेगळा. हे शेवटचं कलम ते चवीने सांगतात. एका गृहस्थांच्या दाखल्यावर काळी सही आली तेव्हा अण्णांनी त्यांना विमानतळावर जाण्याआधी परत क्वारंटाइन ऑफिसला पिटाळलं होतं. सहीपासून दहा दिवसांत युरोपात पोचायला हवं. पोचल्यावर मात्र तोच दाखला युरोपीय संघात फिरायला चार महिने चालतो. "तुमच्या सासूबाईंना पाहुण्यांचा व्हिसा नव्वद दिवसांचा, कुत्र्याला चार महिने," अण्णा म्हणतात, आणि सुना असतील त्या घरात हा विनोद दुसऱ्यांदा करत नाहीत.

चेष्टा सोडली तर माणूस उपयोगाचा आहे. कुत्रं घेऊन भारतात सुट्टीला निघालेल्यांना ते वाटेत अडवतात. इथून निघायच्या आधीच रक्ताची तपासणी करून निळ्या पासपोर्टात नोंद घेतली, आणि लसीचा पुढचा डोस वेळेत दिला, तर परतताना तीन महिने थांबावं लागत नाही. हे न कळल्यामुळे किती तरी लोकांचे कुत्रे आजोळी अडकतात, नातवंडांसारखे लाड घेत.

शेरू आला तेव्हा मीही विमानतळावर होतो. बाहेरच्या देशातून प्राणी आणला की कस्टम्सच्या लाल मार्गाने यायचं, हे अण्णांनी वहिनींना तीनदा बजावलं होतं. त्या आल्या. मुलं शेरूच्या गळ्यात पडली, नवरा पिंजऱ्याशी झटत होता, शेरू सगळ्यांना चाटत होता. अण्णा सामानाच्या ट्रॉलीपलीकडे उभे होते. गलका जरा ओसरल्यावर त्यांनी तिथूनच हात लांब करून वहिनींना एक छापील अर्ज दिला.

"हे काय आता?"

"श्वानकर. एश्बॉर्नला लागत नाही, पण उद्या फ्रँकफर्टला राहायला गेलात तर भरायचा. सगळं लिहून ठेवलंय, फक्त सही करा." मग जरा हळहळून म्हणाले, "मांजर आणलं असतंत तर तिथंही हा लागला नसता."