यातला खरा नल कोणता?

दमयंतीच्या स्वयंवरात एकसारखे पाच नल बसले होते. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम तेच रूप घेऊन आलेले. ज्याची सावली पडते आणि पापणी लवते तो खरा, हे तिने ओळखलं. डेटाबेसचं मॅन्युअल वाचणाऱ्याला तेवढीही सोय नसते. तिथला नल (null, म्हणजे ‘इथे मूल्य नाही’ ही खूण), शून्य लांबीचा मजकूर आणि नुसती स्पेस पडद्यावर सारखीच कोरी दिसतात, आणि मॅन्युअल बेधडक सांगतं: ‘रकाना रिकामा असल्यास नोंद वगळली जाईल.’

रिकामा म्हणजे कसा? ‘मधले नाव’ हा रकाना घ्या. विचारायचं राहिलं, विचारलं पण कळलं नाही, की त्या माणसाला मधलं नावच नाही? रिलेशनल मॉडेलचे जनक एडगर कॉड यांनी १९९०च्या पुस्तकात दोन वेगळ्या खुणा सुचवल्या: ‘लागू आहे, पण माहिती नाही’ आणि ‘लागूच नाही’. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेने ते मनावर घेतलं नाही. आपल्याकडचा कारकून मात्र ‘निरंक’, ‘लागू नाही’ आणि ‘माहिती अप्राप्त’ हे शेरे झोपेतही वेगवेगळे लिहितो. (शाळेतल्या गुरुजींना तर कोरा रकाना खपतच नसे, कित्येकांचा वाढदिवस १ जूनला येतो तो त्यामुळेच.)

ओरॅकल या डेटाबेसचा न्याय आणखी न्यारा. शून्य लांबीच्या मजकुराला ते नल मानतं. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस मानत नाही. वर ओरॅकलचंच मॅन्युअल बजावतं की हे पुढे असंच राहील असं नाही, तुम्ही दोन्ही एक समजू नका. म्हणजे स्वतः करायचं ते करायचं आणि गिऱ्हाइकाला शहाणपण शिकवायचं!

शंभर ग्राहकांपैकी साठ पुण्याचे, तीस बाहेरचे आणि दहांचं शहर नल आहे असं धरा. ‘शहर पुणे’ विचारलं की साठ येतात, ‘शहर पुणे नाही’ विचारलं की तीस. उरलेले दहा पुण्यातही राहत नाहीत आणि पुण्याबाहेरही. नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर खरंही नसतं, खोटंही नसतं. ते ‘अज्ञात’ असतं. तरी मॅन्युअलवाले नलला ‘मूल्य’ म्हणत राहतात.

कॅलिफोर्नियातल्या एका सुरक्षा-संशोधकाने गंमत म्हणून गाडीची नंबरप्लेटच ‘नल’ घेतली. नंबर न नोंदवलेल्या परक्या गाड्यांच्या दंडपावत्या त्याच्या दारात येऊ लागल्या; बेरीज बारा हजार डॉलरांच्या वर गेली. तक्रार केल्यावर त्याला सल्ला मिळाला: नंबर बदला.