मामांची जोडमिशी

सांगलीचे माझे मामा नाटकवेडे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, ते जणू आमच्याच आजोळच्या ओसरीवर, अशा थाटात सांगतात. पंचाहत्तरीला त्यांना गुलाबी फेटा आणि झुपकेदार मिशी लावलेल्या भूमिकेतला जुना फोटो द्यायचा ठरला. काचेची फ्रेम कोणीही देतं. मी फोटो कापडावर छापून वर मशीन एम्ब्रॉयडरी करायचं काढलं. साताऱ्याच्या घरात माझा इंकजेट प्रिंटर आहे, बायकोचं कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचं मशीन आहे. अक्कल तेवढी बाहेरून आणावी लागते.

बेत तसा शहाणपणाचाच होता. अख्खा चेहरा दोऱ्याने भरला तर हजारो टाक्यांनी कापडाचा पुठ्ठा होतो. म्हणून गालांवरची सावली शाईने, मिशी दोऱ्याने. पांढरं सुती कापड ए-फोर स्टिकर शीटवर चिकटवलं, कडेची सुटी सुतं कापली आणि प्रिंटरला भरवलं. प्रिंटर कण्हला, पण मामा सुखरूप बाहेर आले.

“खाली आधाराला नॉनवोव्हन कापडाचे दोन थर लावा,” बायको म्हणाली.

“मिशीच भरायचीय, पैठणी नाही,” म्हणत मी एका थरावर भागवलं.

टाके पडतात तसं कापड आत ओढलं जातं. मशीनला ते काय कळणार? ते फाईलबरहुकूम चालतं. डावीकडे मिशी झकास बसली. मधे येईपर्यंत कापड गोळा झालं, आणि उजवीकडचा आकडा छापील मिशीला ओलांडून थेट गालावर चढला. खालची दिसतच होती. एका ओठावर दोन मिश्या!

टाके रुतू नयेत म्हणून वर पाण्यात विरघळणारी फिल्म लावली होती. ती काढायला ओला बोळा फिरवला. आमच्या प्रिंटरची काळी शाई पिगमेंटची, पाण्याला दाद न देणारी. रंगीत शाया मात्र डायच्या. फेटा ओघळून कपाळावरून गालांवर उतरला. मिश्या दोन्ही ठाम.

नवी प्रत काढायला वेळ नव्हता. कराडला एसटी थांबली तेव्हा पिशवीत डोकावलो. तिसरी मिशी तरी उगवली नव्हती.

मामांनी चष्मा कपाळावर सारून निरखलं. “मेकअप घामानं उतरलेला बरोबर दाखवलायस. आता दाढीही भर, म्हणजे सगळं झाकेल.”

“भर की,” मामी आतून म्हणाली, “पण खाली दोन थर लाव.”

साताऱ्याचा फोन माझ्याआधी पोचला होता.